आवड आहे म्हणून पगार कमी, हा कुठला हिशोब?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरी घेताना पगार बघावा का आवड, यावर तुमच्या पानावर सध्या पत्रं येतायत, वाचतो मी. एक गट म्हणतो पैसा म्हणजे सगळं काही नाही, दुसरा म्हणतो आधी पोटाचं बघा मग छंद करा, आणि दोघेही डोस पाजतात ते पोरांनाच. नोकरी देणाऱ्याला कोणी काही विचारतच नाही. मी इथे बडोद्यात मकरपुऱ्याला एका कारखान्यात टाईम ऑफिसात होतो, लोकांच्या हजेऱ्या आणि पगारपत्रकं करण्यातच केस पांढरे झाले, त्यामुळे माझी नजर आधी आकड्यावर जाते, हे आधीच सांगून ठेवतो.

विषय आमच्या घरातच निघालाय, भाचीवरून. ती इथल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीत म्युझिओलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र शिकली. (हा विभाग 1952 पासून आहे, देशातला पहिला, पण बडोद्यातल्याच निम्म्या लोकांना ते काय असतं माहीत नाही, आमच्या शेजारच्या काकांना अजून वाटतं की ती म्युझिक शिकते.) तिचा हात जुने कागद दुरुस्त करण्यात बसलाय. एकदा तिच्यासमोर बसून बघितलं, कोणीतरी जुन्या नकाशाला पन्नास वर्षांपूर्वी सेलोटेप मारलेली, ती पिवळी पडून कागदात मुरलेली, आणि ही बाई स्काल्पेलने ती अशी सोडवतेय की श्वाससुद्धा जपून घेतेय, मग मागून जपानी टिश्यू, गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, वर ब्लॉटिंग, आणि वजन ठेवून दिलं. अख्ख्या सकाळी काम झालं ते वीतभर. मला तर दहा मिनिटांत घाम फुटला असता.

तर तिच्याकडे दोन ऑफर आल्या. एक अहमदाबादच्या डिझाइन कंपनीची, ॲपचे स्क्रीन बनवायचे, पॅकेज वर्षाला 4 लाख 80 हजार. दुसरी आपल्याच शहरातल्या एका संस्थेची, नाव घेत नाही, जुनी कागदपत्रं सांभाळायचं काम, 11 महिन्यांचा करार, महिना 14 हजार मानधन. घरात लगेच दोन पार्ट्या. मेव्हणे म्हणाले महिना 40 हजार आणि 14 हजार यामधे विचार करायचाच काय असतो. ताई म्हणाली पोरीचा जीव ज्यात आहे ते करू दे. खालच्या मजल्यावरचे गुजराती शेजारी म्हणाले "पगारमां शुं मळे, धंधो करो" (पगारात काय मिळतं, धंदा करा), ते प्रत्येक प्रश्नाला हेच म्हणतात, त्यामुळे ते सोडा.

मी म्हटलं आधी ऑफर लेटर आणा. 4 लाख 80 म्हणजे महिना 40 हजार, बरोबर. पण त्यातले 12 टक्के व्हेरिएबल, म्हणजे 4,800, ते वर्षाअखेर साहेब खूश असतील तर. मालकाचा पीएफ 1,800 त्यातच धरलेला, ग्रॅच्युइटीचे 962 धरलेले (ती साधारण पाच वर्षं टिकलात तर मिळणार, या धंद्यात पोरं दोन वर्षांत उडतात), मेडिक्लेमचे 500. राहिले 31,938. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की हातात 29,938. मग अहमदाबादला पीजी आणि जेवणाचे 11 हजार धरा, कमीच धरतोय. उरले जवळपास 19 हजार. इकडे 14 हजारातून दहा टक्के टीडीएस कापून 12,600, तोही रिटर्न भरला की परत मिळतो, आणि राहायचं घरी, जेवायचं आईच्या हातचं. म्हणजे जो फरक घरात 26 हजाराचा म्हणून गाजत होता तो खिशात साडेसहा हजाराच्या आसपास निघाला. मेव्हणे गप्प झाले. आवडीसाठी महिना साडेसहा हजार सोडायचे का, हा प्रश्न माणूस विचार करू शकेल असा आहे, 26 हजारांचा नव्हता. निम्मी घरं हा हिशोब न मांडताच भांडतात आणि मग पोरांना म्हणतात तुमचं डोकं ठिकाणावर नाही.

पण मला खरा राग आला तो दुसऱ्या कागदाचा. 11 महिन्यांचा करार, रोज साडेदहा ते सहा हजेरी, शनिवार अर्धा दिवस, रजा नाही, आणि पद काय तर "सल्लागार". आता टाईम ऑफिसातल्या माणसाला हे शिकवू नका. हजेरी लावायची, साहेबाच्या हाताखाली काम करायचं, म्हणजे कर्मचारीच झाला ना, आणि जिथे वीस किंवा जास्त माणसं आहेत तिथे 15 हजाराच्या आतल्या कर्मचाऱ्याचा पीएफ भरावाच लागतो, त्यात मर्जीचा प्रश्न नाही. सल्लागार लिहिलं की सुटलं. आणि मुलाखतीत तिने बिचारीने हळूच विचारलं की थोडं वाढवता येईल का, तर समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, अहो तुम्हाला तर या कामाची आवड आहे ना? त्या संस्थेत झेरॉक्सवाल्याला कोणी विचारत नाही की तुला झेरॉक्सची आवड आहे का. एसी दुरुस्त करणारा येतो त्याचं बिल मुकाट पास होतं. सूट मागायची ती फक्त जिचा जीव कामात अडकलाय तिच्याकडे.

आता यावर कोणीतरी अरविंदबाबूंचं, म्हणजे योगी अरविंद घोषांचं उदाहरण देणार, दांडिया बाजारात राहणाऱ्याला ते चुकत नाही, अरविंद निवास समोरच आहे. 1893 ला बडोदा सरकारच्या नोकरीत 200 रुपयांवर लागले, पुढे पगार कितीतरी वाढला, कॉलेजात व्हाइस प्रिन्सिपल झाले, आणि 1906 ला ते सगळं सोडून कलकत्त्याला नॅशनल कॉलेजात दीडशे रुपयांवर गेले. मोठी गोष्ट आहे, वादच नाही. पण ते देशाच्या कामासाठी गेले, कुठल्या ट्रस्टींचे पैसे वाचावेत म्हणून नाही गेले. आणि ही गोष्ट सांगणारे त्यांच्या पत्नी मृणालिनीदेवींचं नावही काढत नाहीत, त्यांची पुढची वर्षं बहुतेक माहेरीच गेली आणि 1918 च्या साथीत त्या वारल्या. एकाच्या त्यागाचे हप्ते घरातलं दुसरंच कोणी भरत असतं, आमच्या बाबतीत ती ताई असेल.

उदाहरणच द्यायचं तर सयाजीराव महाराजांचं द्या की. याच गावात कलावंत कारखाना म्हणून अख्खं खातं होतं, गाणारे वाजवणारे नाचणारे सगळे पटावर, पगार ठरलेले, रजेचे नियम, गैरहजेरीला दंडसुद्धा. त्यात जाचही असेल, गवयाला घड्याळ कोणाला आवडणार. पण फैयाज खाँ साहेब बडोदा दरबारच्या पगारावर होते, ज्यांना ऐकायला लोक गावोगावहून यायचे, आणि त्यांना कोणी म्हणालं नाही की खाँसाहेब तुम्हाला गाण्याची आवड आहेच, मग पगार कशाला. राजाला कळलं होतं की माणूस कामावर जीव टाकतो म्हणजे तो महाग असायला पाहिजे. आपण बरोब्बर उलटं धरून बसलोय.

एक सांगतो, पगारासाठी नोकरी धरणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. आमच्या डिपार्टमेंटला एक फिटर होते, दिवसभर पंप उघडायचे आणि रात्री भजनात असा तबला धरायचे की बस. त्यांना कोणी विचारलं असतं की तुमची पॅशन काय तर त्यांनी पान लावून हातात दिलं असतं. भाचीने ॲपचे स्क्रीन बनवले असते तरी मी काही म्हटलं नसतं.

ती काय करतेय ते सांगतो. तिने अहमदाबादला नाही म्हटलेलं नाही, आठ दिवस मागून घेतलेत. आणि इथल्या संस्थेला मेल टाकलाय, भाषा मी थोडी नीट करून दिली, की 22 हजार, पीएफ, आणि वर्षाला बारा दिवस रजा, आणि पद कन्झर्वेशन असिस्टंट लिहा, सल्लागार नको. ताई घाबरली होती की हे असं मागितल्यावर ते दुसऱ्या कोणाला घेतील. घेतील कदाचित. पण सेलोटेप सोडवणारी दुसरी शोधायला त्यांनाही फिरावं लागेल. अजून उत्तर नाही.

तुम्हाला पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. तुमच्याच पेपरात रविवारी नोकरीच्या जाहिराती येतात, त्यात "आकर्षक पगार", "पगार योग्यतेनुसार", आणि शाळा-संस्थांच्या असल्या तर "कामाची आवड असणाऱ्यांनीच अर्ज करावा". आकडा कुठेच नाही. फ्लॅटच्या जाहिरातीत भाव छापता, जुन्या ॲक्टिव्हाच्या जाहिरातीत छापता, मग इथे काय अडचण आहे? तुमच्या जाहिरात विभागाने एवढंच ठरवावं की हातात किती येणार आणि पीएफ आहे का नाही, या दोन गोष्टी लिहिल्याशिवाय नोकरीची जाहिरात घ्यायची नाही. दोनचार जाहिराती जातील, मला कल्पना आहे. ठरवलंत तर कळवा, आणि नाही ठरवलंत तर का नाही तेही याच पानावर छापा.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, बडोदे