धामणीचं फुप्फुस उघडून दाखवलंत, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. नाव लिहायचं नाही अशी तुमची तंबी आहे, म्हणून नुसतं मॅडम. पण आभार चारचौघांत मानणारच.

काटोल रोडवर गाडीखाली आलेली धामण घेऊन आम्ही सर्पमित्र तुमच्याकडे आलो, तेव्हा बाकी सगळे म्हणत होते, पुरून टाका. तुम्ही आधी वनविभागाचा पंचनामा झाला का ते विचारलं, मगच कात्री हातात घेतली. उजवं फुप्फुस उघडलं, तर आत कड्याकड्यांच्या अंगाचे, रक्त पिऊन तांबूस झालेले जीव चिकटलेले. भिंगाखाली तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आकडे दिसले, मांजराच्या नखांसारखे. टंग वर्म, म्हणजे सापाच्या फुप्फुसात राहणारा परजीवी! त्यातला किरिसेफॅलस, असं तुम्ही सांगितलंत. दिसायला जंत, पण गोत खेकडा-झिंग्यांचं, आणि जवळचे भाऊबंद म्हणजे माशांच्या अंगावरच्या उवा. आमच्यातल्या एकानं त्या दिवसापासून झिंगे सोडलेत, ते असो.

याची अंडी श्वासनलिकेतून वर येतात, साप ती गिळतो आणि ती विष्ठेतून बाहेर पडतात. पुढे बेडूक-सरड्यांच्या अंगात अळी, त्यांना खाल्लं की परत साप. काही जातींची अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात वगैरे घर करतात. बहुतेकदा पत्ताही लागत नाही, पण लागण व्हावीच कशाला? साप पकडायचा कॉल आटोपला की थेट तर्री पोह्यांच्या टपरीवर, ही आमच्या पोरांची रीत. आता प्रत्येकाच्या डिकीत साबण आणि पाण्याची बाटली असते. रीलसाठी सापाचा मुका घेणाऱ्यांना मात्र तुम्हीच एकदा झापा, आमचं ऐकत नाहीत.

जिवंत सापांना यावर औषध द्या म्हटलं, तर तुम्ही साफ नाही म्हणालात. जंत फुप्फुसातच मेले तर तिथे सूज येऊन सापालाच भारी पडू शकतं, हे कारण पटलं. त्याहून जास्त पटली ती फ्लोरिडाची गोष्ट. तिथे बर्मी अजगरांबरोबर आशियातला रायलिएटिएला नावाचा दुसरा टंग वर्म गेला आणि तिथल्या देशी सापांच्या फुप्फुसांत शिरला. म्हणून आम्ही आता एका पिशवीत दोन साप घालत नाही, आणि हिंगण्याचा साप सेमिनरी हिल्सला सोडत नाही. पकडला तिथल्याच आसपास सोडतो. घरमालक कुरकुरतात, त्यांना तुमचंच नाव सांगतो (म्हणजे, मॅडम म्हणतात असं).

पावसाळा तोंडावर आलाय, कॉल वाढतील. मेलेला साप मिळाला तर पंचनाम्यासकट आणू. रविवार असला तरी फोन उचला, एवढीच विनंती.

आपले,
नागपूरचे सर्पमित्र