नकाशा गिरवण्याआधी फील्डबुक उघडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मालमत्ता कराचे आणि नगर भूमापनाचे जुने कागदी नकाशे संगणकावर आलेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. भूकरमापक म्हणून नोकरीत असताना मी असे नकाशे उलगडले की घडीवरचा कागद सुटून हातात यायचा, आणि नेमकी घडीखालचीच हद्द पुसलेली असायची. पण नकाशा स्कॅन करायचा, त्यावरच्या रेषा माउसने गिरवायच्या आणि काम झाले म्हणायचे, ही रीत मला धोक्याची वाटते.

१:५०० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. मुंबईच्या दमट हवेत कागद फुगतो, आकसतो, तोही उभा-आडवा सारखा नाही. ५० सेंटिमीटरच्या शीटमध्ये शंभरात एक भाग फरक पडला, तरी तो पाच मिलिमीटर होतो. जागेवर अडीच मीटर! गिरगावात किंवा भुलेश्वरात तेवढ्यात दोन घरांमधली अख्खी घरगल्ली बसते.

म्हणून आधी टिपणे आणि फील्डबुके, म्हणजे मोजणीच्या वेळी जागेवरच लिहिलेल्या मापांच्या नोंदी, बाहेर काढा. उपनगरांतल्या जुन्या गावांची मोजणी शंकू-साखळीने, म्हणजे काटकोन धरायचा शंकू आणि अंतर मोजायची साखळी घेऊन, झाली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग, म्हणजे आणे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा. ती मापे टिपणावर आकड्यांत लिहिलेली आहेत. कागद आकसला तरी आकडा आकसत नाही. त्या आकड्यांवरून हद्द नव्याने मांडायची आणि स्कॅन केलेला नकाशा पडताळणीला ठेवायचा.

मग ती हद्द जमिनीवर बसवायची. त्यासाठी हद्दीचे जुने दगड, विहिरी, देवळांचे आणि चर्चचे न बदललेले कोपरे टोटल स्टेशनने (कोन-अंतर मोजणाऱ्या यंत्राने) किंवा रोव्हरने (उपग्रहावरून जागा ठरवणाऱ्या यंत्राने) मोजावेत. रस्त्याची कड धरू नये; रस्तारुंदीत ती सरकलेली असते. उपग्रहाच्या चित्रातली छपराची कडही नको. छप्पर जोत्याच्या बाहेर येते, आणि उंच इमारत चित्रात कलते.

यात कराचा प्रश्न थेट गुंतलेला आहे. २०१० पासून मुंबईत मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आहे. त्या मूल्याला आधार रेडी रेकनरचा, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरपत्रकाचा, आणि रेडी रेकनरचे विभाग गाव व सि.टी.एस. (नगर भूमापन) क्रमांकांवरून पडतात. विभागाच्या सीमेवरची मिळकत चुकून पलीकडे गेली तर दरच बदलतो. शिवाय पालिकेचा करखाते क्रमांक वेगळा आणि भूमापन क्रमांक वेगळा. एकाच भूखंडावर चाळ, दुकाने, मागे गाळे, आणि प्रत्येकाचे खाते निराळे. ही सांगड जागेवर जाऊनच घालावी लागेल. नुसत्या पत्त्यावरून ती जुळत नाही.

आमच्या चाळीचेच सांगतो. नव्या डिजिटल नकाशात मागची मोकळी जागा आणि सार्वजनिक नळ शेजारच्या मिळकतीत दाखवला आहे. मिळकत पत्रिकेवरचे क्षेत्र आणि स्क्रीनवरचे क्षेत्र जुळत नाही. तीन हेलपाटे घातले. उत्तर मिळाले की संगणकाने काढलेले क्षेत्रच बरोबर. संगणकाने फक्त गिरवलेल्या रेषेच्या आतले क्षेत्र काढले, रेषा बरोबर आहे की नाही हे त्याला कसे कळणार?

माझी मागणी अशी : प्रत्येक रेषेसोबत ती टिपणावरून आली, नकाशावरून की नव्या मोजणीतून, कोणत्या वर्षी, आणि चूक किती मीटरपर्यंत असू शकते, हे नोंदवावे. दोन क्षेत्रे जुळत नसतील तिथे दोन्ही दाखवावीत आणि धारकाला नोटीस देऊन वॉर्ड कार्यालयात मोठ्या छापील प्रतीवर हरकत घेऊ द्यावी. मूळ कागद तर मुळीच निकालात काढू नयेत.

आमच्या चाळीची जुनी विहीर बुजवून वर फरशी घातली आहे. ती नेमकी कुठे होती हे सांगणारी दोनच माणसे उरली आहेत, दोघेही ऐंशीच्या पुढचे. मोजणीदारांनी त्यांच्या हयातीतच यावे, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे पोहोचवावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक, गिरगाव, मुंबई