रसायनशास्त्राच्या बाईंस आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला आणि माझा अभियांत्रिकीचा प्रवेशही निश्चित झाला, हे आपणांस कळले आहेच. तरीही हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. कारण अशा परीक्षेच्या शिकवणीसाठी कोल्हापूर किंवा लातूर गाठल्यावाचून गत्यंतर नाही, असे आपल्या किनाऱ्यावरच्या अनेक घरांत आजही मानले जाते, आणि ज्यांना तो खर्च पेलत नाही त्यांची मुले परीक्षेआधीच उमेद सोडतात. निवृत्तीनंतर आपण दापोलीतील आपल्या घराची ओसरी आमच्यासारख्यांना मोकळी करून दिलीत. फी घेतली नाहीत. आईने पाठवलेली आमसुले तेवढी आनंदाने ठेवून घेतलीत.

या परीक्षेत भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न मिळून ९० मिनिटांत सोडवायचे असतात, आणि गणकयंत्र वापरता येत नाही. भौतिकशास्त्रातील आकडेमोड वेळ खाते, म्हणून रसायनशास्त्र अर्ध्या तासाच्या आसपास आटोपले पाहिजे, असा हिशेब आपण आरंभीच मांडलात. तेवढ्यासाठी सूत्रांचे तक्ते घोकून घेणे सोपे होते. आपण मात्र प्रत्येक उत्तरामागचे कारण विचारत राहिलात, आणि त्याच कारणाने परीक्षेत माझा वेळ वाचला.

फर्स्ट ऑर्डर अभिक्रिया, म्हणजे जिचा वेग उरलेल्या पदार्थाच्या प्रमाणात असतो अशी अभिक्रिया, ९९.९ टक्के पूर्ण होण्यास किती वेळ लागेल, या प्रश्नासाठी आम्ही सारे लॉगॅरिदमचे सूत्र मांडत होतो. आपण पेन खाली ठेवायला सांगून एवढेच विचारलेत की, दर हाफ-लाइफला, म्हणजे ठरावीक काळाने, पदार्थ निम्मा होत असेल तर हजारावा भाग उरायला तो किती वेळा निम्मा व्हावा लागेल. दोनाचा दहावा घात १०२४, म्हणजे सुमारे दहा हाफ-लाइफ! ज्या प्रश्नाला कच्च्या कामाचे अर्धे पान लागत असे, तो असा तोंडी सुटला.

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची, म्हणजे वीज आणि रासायनिक अभिक्रिया यांचा संबंध शिकवणाऱ्या भागाची, मला सर्वांत अधिक धास्ती होती. माझे वडील हर्णै बंदरात मासेमारी करतात, हे ठाऊक असल्याने आपण मला ट्रॉलरच्या सुकाणूजवळ बोल्टने बसवलेले जस्ताचे ठोकळे नीट पाहून यायला सांगितलेत. ते झिजतात आणि बदलावे लागतात, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. ते का झिजतात, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. स्टँडर्ड इलेक्ट्रोड पोटेन्शियल जितका अधिक उणे, तितकी धातूची इलेक्ट्रॉन देण्याची ओढ जास्त; जस्ताचा तो उणे ०.७६ व्होल्ट आणि लोखंडाचा उणे ०.४४ व्होल्ट, म्हणून खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडलेले असताना जस्त आधी इलेक्ट्रॉन देऊन, म्हणजे अॅनोड होऊन, स्वतः विरघळते आणि लोखंड कॅथोड होऊन शाबूत राहते, हे आपण समजावलेत. त्यानंतर अॅनोड कोणता आणि कॅथोड कोणता, यात माझा गोंधळ कधी उडाला नाही. वडिलांनाही मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी कितीतरी वेळ प्रश्न विचारले.

अकरावीच्या पुस्तकाबद्दलही आपले ऋण मानले पाहिजे. त्यातील निवडक प्रकरणांवर सुमारे २० टक्के प्रश्न असतात, तरी बारावीच्या धावपळीत ते पुस्तक सहसा माळ्यावर जाते. आपण मोल संकल्पना आणि रासायनिक बंध ही प्रकरणे ओळीओळीने पुन्हा वाचून घेतलीत, आणि पुढची द्रावणांवरील उदाहरणे त्यामुळेच हलकी झाली. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून शेवटी एकही प्रश्न कोरा ठेवू नये, ही आपली सूचनाही मी पाळली.

सराव परीक्षांतील प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे आपण कारण लिहायला लावलेली माझी वही मी जपून ठेवली आहे. पाजपंढरीच्या दोन मुली यंदा अकरावी विज्ञान शाखेत आल्या आहेत आणि त्यांची बाहेरगावी शिकवणी लावणे घरच्यांना शक्य नाही. ती वही मी त्यांना देणार आहे. गणपतीत घरी येईन तेव्हा त्यांना आपल्याकडे घेऊन आले तर चालेल का, हे कृपया कळवावे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
हर्णै, ता. दापोली