शाळेचा आराखडा आधी, तरतूद नंतर

ठाणे महापालिकेच्या अर्थसंकल्पातील शिक्षणाच्या तरतुदीविषयीची बातमी वाचली. पालिका शाळांवर खर्च व्हायलाच हवा. आक्षेप आहे तो हा खर्च ठरतो कसा, यावर. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 22 नुसार शाळा व्यवस्थापन समितीने विकास आराखडा करायचा आणि त्याच्याच आधारे अनुदान द्यायचे. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, हेही कायदाच सांगतो. प्रत्यक्षात आमच्या भागातील एका शाळेत ही बैठक सकाळी अकराला असते. त्या वेळी घरकाम करणाऱ्या आया कामावर असतात. मग नोंदवही घरोघरी फिरते, सह्या होतात आणि आराखडा मंजूर होतो. त्याच शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही. मुली घरी येईपर्यंत कळ सोसतात. हे आयांना ठाऊक आहे, आराखड्यात मात्र त्याचा उल्लेखही नाही. बैठका रविवारी किंवा संध्याकाळी घ्याव्यात. शाळेने काय मागितले आणि त्यातले काय मंजूर झाले, हे शाळेच्या फलकावर लावावे. पुढील अर्थसंकल्पाची जुळवाजुळव सुरू होण्याआधी पालिकेने एवढे करावे.

– एक पालक, कळवा (ठाणे)