घोळ निस्तरलात, आजी!

तीर्थस्वरूप आजींना,
शि. सा. नमस्कार.

त्या दिवशी मी खुरपं घेऊन वाफा साफ करत होतो आणि कुंपणापलीकडून तुमचा आवाज आला, "अरे थांब, घोळ आहे ती!" मला वाटलं, माझ्याच हातून काही घोळ झाला. तुम्ही भाजीचं नाव सांगत होतात, हे कळायला वेळच लागला.

दोन वर्षं मी या तणाशी हरत होतो. उपटून टाकली तरी तुटक्या देठाला पुन्हा मुळं फुटायची. आणि तुम्ही म्हणे ती खाता!

पण आधी देठ मोडायला लावलंत. "पांढरा चीक येतोय का बघ." नुसतं पाणी आलं. असंच जमिनीला चिकटून पसरणारं, पण चिकाचं एक विषारी तण असतं. ते तोंडात घालायचं नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत. मग एक पान सकाळी चाखायला दिलंत, एक संध्याकाळी. सकाळचं जास्त आंबट! मला तो तुमचा भ्रम वाटला होता. पुढे वाचलं की पाण्याची ओढ असली की घोळ रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्लात साठवते आणि दिवसा ते वापरून टाकते.

१०० ग्रॅम ताज्या पानांत ३०० ते ४०० मिलीग्रॅम ओमेगा-३ असतं, पालेभाजीच्या मानाने पुष्कळच. शिवाय क आणि ई जीवनसत्त्व, मॅग्नेशियम, पोटॅशियम. (माशांतलं ओमेगा-३ वेगळं, तेव्हा बरोबरी नको.) घामोळ्यांवर वाटलेला पाला लावून पाहिला, गार वाटलं. उघड्या जखमेवर मात्र नाही, ही ताकीद लक्षात आहे.

आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. जुडी हातात देताना तुम्ही विचारलंत, "घरात कुणाला मुतखडा?" बाबांना दोनदा झालाय म्हटल्यावर अर्धी जुडी परत काढून घेतलीत. घोळीत ऑक्झलेट भरपूर, आणि बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच. दह्यात कालवली तर दह्यातलं कॅल्शियम त्यातलं बरंचसं पोटातच बांधून टाकतं, हेही तुम्हीच सांगितलंत. "तरी त्यांना नकोच," म्हणालात. खाऊ घालणारे खूप भेटतात, आजी. ताटातून काढून घेणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

वाफ्याचा एक कोपरा आता तिला सोडलाय. बाबा मात्र रुसलेत. त्यांची समजूत तुम्हीच काढा, माझं ते ऐकत नाहीत.

तुमचा,
कुंपणाअलीकडचा