मावशी, त्या पिठलं-भाकरीबद्दल

मावशी, प्रभूमध्ये सलाम.

हे सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आमच्या घरी जे बोललं गेलं ते अजून बऱ्याच घरांत बोललं जातं.

धाकट्या भावाचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा प्रार्थनेला आलेल्या एकानं आईसमोरच सांगितलं, ‘घरात कुणाचं तरी लपलेलं पाप आहे, त्याशिवाय असं होत नाही.’ आईनं जेवण टाकलं. ख्रिस्ती होऊन आमची ही चौथी पिढी, पण ‘कर्माचे भोग’ काही तोंडातून जात नाहीत. त्या दिवशी त्याला बायबलचं कव्हर चढलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पिठलं-भाकरी घेऊन आलात आणि तासभर बोललाच नाहीत. मग म्हणालात, बायबलमधल्या ईयोबावर काही दोष नसताना संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले, तेवढंच त्यांचं बरोबर होतं; पुढे तेही त्याचं पाप शोधायला लागले. नंतर योहानाचा नववा अध्याय काढलात. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. दुसरीकडे तोच सांगतो, शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तीही बाकीच्यांपेक्षा जास्त पापी नव्हती. आई रडली आणि जेवली.

माझं दुखणं वेगळं होतं. वाट्यावरून मी धाकट्याशी सहा वर्षं बोललो नव्हतो. स्वयंपाकघरात तुम्हाला ते सांगितलं तेव्हा वाटलं, ‘जाऊ दे रे’ म्हणाल. तुम्ही म्हणालात, ‘हे पापच आहे. देवाजवळ कबूल कर, तो क्षमा करतो. भरायचं ते त्यानं वधस्तंभावर स्वतः भरलंय. पण भावाची किडनी त्या हिशेबात धरू नको. भावाला आजारी पाडून तुझ्याकडून वसुली करायला देव काय सावकार आहे?’ आणि वर मत्तयाचा पाचवा अध्याय: अर्पण वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर.

गेलो. येशूच्या गोष्टीतल्या, सगळं उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्रासारखी वाक्यं पाठ करून. त्याच्या बापानं ‘मजुरासारखं ठेवा’ हे म्हणूच दिलं नाही, आधीच झगा मागवला. धाकट्यानं मात्र माझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘दादा, मला पाणी मोजून सांगितलंय. तुझ्यातला अर्धा चहा दे.’

डायलिसिस अजून चालू आहे. मावशी, तुमचे फार उपकार आहेत. डबा रविवारी चर्चमध्ये आणून देतो.

तुमचा,
थोरला