भर मे महिन्यात पंखा बंद केलात, त्या भाऊंना

भाऊ, त्या दिवशी तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पावती पण घेतली नाही, रडूच इतकं येत होतं की आप्पांचा, माझ्या वडलांचा, फोन पर्समध्ये टाकला आणि तशीच रिक्षात बसले. म्हणून इथं लिहितेय, कुणीतरी तुम्हाला दाखवेल. स्टेशनजवळच्या बोळातलं पत्र्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, दारात चार्जरच्या वायरी लटकवलेल्या, एवढीच तुमची खूण माझ्याकडे आहे.

तुमच्याकडे यायच्या आधी मी तीन ठिकाणी जाऊन आले होते. एका मोठ्या दुकानातल्या मुलानं फोन हातात पण घेतला नाही, म्हणाला मॅडम नवीन घ्या. दुसऱ्यानं आठ दिवस ठेवून घेतला आणि न उघडताच परत दिला, स्क्रूवरची धूळ सुद्धा तशीच होती. तिसऱ्यानं विचारलं, असं काय आहे त्यात? मी सांगितलं, वडिलांच्या ओव्या आहेत, तर हसून म्हणाला, धनगरी गाणी यूट्यूबवर ढिगानं मिळतात की ताई. मिळतात हो, पण त्यात आप्पा नाहीत ना.

तुम्ही काय केलं ते मला कळलं नाही, कळून घ्यायचंही नाही. फोनमधलं मेमरी कार्ड चालू झालं, खरखर झाली आणि आप्पांचा आवाज आला तसे तुम्ही उठलात आणि पंखा बंद केलात. त्या उकाड्यात, वर पत्रा तापलेला. चहावाला पोरगा आत येत होता त्याला हातानंच थांब म्हणालात. आणि अकराच्या अकरा मिनिटं ऐकत बसलात. मधेच आप्पा ओवी सोडून "हुर्र्र, हैक" करून ओरडतात, एखादं मेंढरू वाघरीवरनं, म्हणजे कळपाभोवतीच्या जाळीवरनं, उडी मारून गेलं असणार, आणि परत तिथूनच सूर धरतात, तेव्हा तुम्ही हळूच विचारलंत, ताई, किती मेंढरं होती?

आप्पा गेल्यापासून सगळ्यांनी मला किती दिवस ॲडमिट होते, बिल किती झालं हेच विचारलं. हा प्रश्न तुम्ही पहिल्यांदा विचारलात आणि मला उत्तर देता आलं नाही. आता देते.

एकशेवीस होती, सगळी काळी दख्खनी. आमचं गाव पारनेर तालुक्यात, पाऊस कमी, नुसता माळ. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं-माणसांचा सगळा तळ, हलायचा, माळशेज उतरून मुरबाड-कल्याणकडे. तिकडं भात कापून शेतं मोकळी झालेली असतात, शेतकरी खतासाठी रात्री मेंढरं बसवून घेतात आणि बदल्यात भात देतात. पावसाच्या आत परत वर यायचं, कोकणातल्या पावसात मेंढरांचे खूर सडतात. पौष पौर्णिमेला म्हसाच्या यात्रेत घोंगडी विकायची. मी लहान असताना घोडीवर बसायचे, एका बाजूला कोंबड्या बांधलेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या झोळीतनं नुकतंच जन्मलेलं कोकरू मान बाहेर काढून माझा फ्रॉक चघळायचं.

रात्री वाघर लावून झाली, कुत्री बसली की आप्पा "सुंबरान मांडिलं" म्हणून, देवाचं स्मरण करून, सुरू करायचे. चुलते झांज वाजवायचे आणि मागनं ओढून धरायचे. आप्पांना सही येत नव्हती, पण सुरावंतीच्या पोटी आमचा देव बिरोबा जन्मतो तिथपासून पहाटेपर्यंत एक ओळ चुकायची नाही. आणि हाच माणूस माझ्या हॉस्टेलच्या फीसाठी लाडाचा नर विकून आला तेव्हा आठ दिवस गायला नाही. का, ते मला खूप उशिरा आईकडून कळलं.

सोंथायमर नावाचे जर्मन अभ्यासक धनगरांच्या ओव्या टेपवर घेत आमच्या लोकांत फिरले, १९९२ साली ते वारले. साता समुद्रापलीकडनं येऊन ज्याला किंमत कळली तो माणूस वेगळा, नाहीतर आमच्या वाड्यावर एकजण आला होता, आप्पांकडून रात्रभर गाऊन घेतलं, कॉपी पाठवतो म्हणाला. आप्पा वर्षभर विचारत होते, आली का गं ती कॅसेट. नाहीच आली. मग त्यांनी स्वतःच या फोनमध्ये रेकॉर्ड करायला शिकून घेतलं, म्हणून ती अकरा मिनिटं आहेत. भाऊ, तुम्ही त्याला डाटा म्हणाला नाहीत. "तुमच्या वडलांचा आवाज निघाला" असं म्हणालात. पैसे द्यायला लागले तर ड्रॉवर लावून घेतलात. अशी माणसं अजून आहेत हे मला या वर्षात कळायची फार गरज होती.

रात्री आईला ऐकवलं. ती डोळे मिटून बसली होती, शेवटी शेवटी म्हणाली, हा टोकावड्याच्या पुढचा वाडा, त्या रात्री चांदी व्याली होती, बघ कोकरू ओरडतंय. मी परत लावलं. खरंच, झांजेच्या मागं बारीक आवाज आहे. मला तो ऐकूच आला नव्हता.

आईनं तुमच्यासाठी घोंगडं काढून ठेवलंय, आप्पांनी स्वतः कातरलेल्या शेवटच्या लोकरीचं. नको म्हणू नका, ती ऐकणार नाही. फक्त रविवारी दुकान उघडं असतं का तेवढं कळवा, तिला घेऊन येते.